भाव विचारणारा माणूस

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत कपडे धुण्याची पावडर बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या खरेदी खात्यात प्रेमानंद ढोके यांनी एकोणतीस वर्षं काढली. हुद्दा दोन-तीनदा बदलला, पण काम तेच राहिलं. फोन उचलायचा आणि मालाचा भाव विचारायचा. सोडा अॅश, कॉस्टिक सोडा, अॅसिड, सुगंधाचे पिंप, जे लागेल ते. त्यांचा आवाज भरदार होता, पण चढा नव्हता, आणि विचारायची पद्धत अशी की समोरच्याला घाई करता येत नसे. इतवारीतले कितीतरी व्यापारी त्यांना चेहऱ्याआधी आवाजाने ओळखत. कारखान्यात त्यांना सगळे रेटबाबू म्हणत, आणि ते नाव त्यांना आवडत असे.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले. शाल मिळाली, घड्याळ मिळालं, कंपनीचा मोबाइल आणि त्यातला नंबर परत द्यावा लागला. त्यानंतर दोनेक महिन्यांत त्यांचा घसा बसला. त्यांच्या पत्नी सिंधूताईंनी काढे दिले, गुळण्या करायला लावल्या. आवाज सुटेना, तेव्हा रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक घ्यावे लागले. गाठ पुन्हा आली नाही. आवाज मात्र गेला. अगदीच गेला असंही नाही. शब्दांच्या जागी वाऱ्याची फुसफुस उरली. खोली शांत असेल आणि माणूस अगदी जवळ सरकून बसला असेल, तर समजेल एवढी.

घरी आल्यावर त्यांनी तीनदा फोन करून पाहिला. एकदा गॅसवाल्याला, एकदा औषधाच्या दुकानाला, एकदा मेव्हण्याला. तिन्ही वेळा पलीकडून तेच आलं, "हॅलो, हॅलो, आवाज येऊन नाही राहिला," आणि फोन बंद झाला. तिसऱ्या वेळी त्यांनी मोबाइल सिंधूताईंच्या मांडीवर ठेवला आणि अंगणात जाऊन उभे राहिले. त्यानंतर अडीच वर्षं त्यांनी फोनला हात लावला नाही. इतवारीकडे पाऊल टाकलं नाही. सकाळी इंदोऱ्यातल्या विहारात जात, मागच्या बाजूला बसत, वंदना ओठांतल्या ओठांत म्हणत आणि कोणी गप्पा मारायला लागण्याआधी परत येत.

"मले एकटीलेच बोला लागते आता," सिंधूताई बहिणीला सांगत. "हे नुसते मान हालवते."

त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून भावना राहायची. तिचे वडील कोराडीच्या वीज केंद्रात ऑपरेटर होते, आणि ती केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. जानेवारीतल्या एका दुपारी ती सिंधूताईंचा डबा परत करायला आली आणि डबा हातात धरूनच पायरीवर बसली.

"काहून वं, चेहरा काहून उतरला?" सिंधूताईंनी विचारलं.

भावनाने सांगितलं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. कागदावर एक पूर्ण कारखाना उभा करायचा: यंत्रं कोणती, कच्चा माल किती, खर्च किती, आणि शेवटी तो कारखाना फायद्यात चालेल की नाही. तिने कोराडीची राख घेतली होती. लहानपणापासून बाबांच्या बुटांवर, खिडकीच्या गजांवर तिने ती राख पाहिली होती. कॉस्टिक सोड्यात शिजवली की त्या राखेपासून जिओलाइट नावाची पावडर बनते, आणि ती पाण्यातला जडपणा ओढून घेते. सगळं गणित जुळलं होतं. अडलं होतं ते कॉस्टिकच्या भावापाशी.

"इंटरनेटवर प्रयोगशाळेच्या बाटलीचा भाव पाहिला तर सातशे रुपये किलो," ती म्हणाली. "त्यानं माझा कारखाना पहिल्याच महिन्यात बुडते. मग एका परदेशी साइटवर पाहिला, तर पंचवीस रुपये. त्यानं इतका फायदा होते की आमच्या प्रोजेक्टच्या चिन्मयी मॅडम हसल्या. म्हणाल्या, हा भाव कोणत्या गावचा? मी आठ दुकानांत फोन केले काकू. स्टुडंट म्हटलं की ठेवून देतात. मैत्रिणी म्हणतात, सांग की आमची कंपनी आहे, वीस टन पाहिजे."

आतल्या खोलीत प्रेमानंदकाका वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली ठेवलं. उठून दारापर्यंत आले आणि भावनाला हाताने आत बोलावलं. तिला वाटलं पाणी हवंय. त्यांनी खुर्ची ओढून तिला बसवलं, स्वतः खाटेवर तिच्याजवळ सरकून बसले आणि बोलले. तिला काहीच कळलं नाही. ती संकोचून सिंधूताईंकडे पाहू लागली.

"जवळ जा," सिंधूताई म्हणाल्या, आणि उठून त्यांनी पंखा बंद केला.

काका पुन्हा बोलले. "खोटं नको सांगू."

मग थोडं थांबून, श्वास घेऊन: "खोटं सांगून आणलेला भाव... कोणालाच बांधत नसते."

भिंतीवरच्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं त्यांनी फाडली आणि पाठकोऱ्या बाजूने लिहायला बसले. अक्षर मोठं आणि सरळ होतं. माल कोणता, सुके फ्लेक्स की पाण्यात विरघळलेली पातळ लाय. किती टक्क्यांचा. भाव माल निघतो तिथला की नागपूर पोच. किती माल उचलल्यावर हा भाव. कर धरून की सोडून. किती दिवस टिकेल. प्रत्येक प्रश्नानंतर ते पेन थांबवून तिच्याकडे पाहत, आणि तिने मान हलवली की पुढचा लिहीत.

"हे नाही विचारलं तर काय होते?" पोच शब्दावर बोट ठेवून तिने विचारलं.

काकांच्या चेहऱ्यावर कसलीशी जुनी लाज आली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांनी सोडा अॅश स्वस्तात मिळाला म्हणून तीन ट्रक मागवले होते. भाव पोच आहे का, हे विचारलंच नव्हतं. माल दारात आला तेव्हा ट्रकचं भाडं वेगळं निघालं आणि स्वस्त माल सगळ्यात महाग पडला. मॅनेजर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त ते बिल प्रेमानंदांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. वर्षभर ते तिथेच होतं. हे सगळं सांगायला काकांना दहा मिनिटं लागली. मधे दोनदा पाणी प्यायले. सिंधूताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांनी कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास भावना पुन्हा आली. काकांनी तीन दुकानांची नावं काढून ठेवली होती. नंबर त्यांना तोंडपाठ होते, अडीच वर्षांनंतरही. फोन स्पीकरवर ठेवून भावनाने पहिला लावला.

"नमस्कार. मी विद्यार्थिनी आहे, मला माल घ्यायचा नाही, प्रोजेक्टसाठी भाव..."

फोन बंद झाला. काकांनी मान हलवली, होतं असं. दुसऱ्या नंबरवर मुलगा बसला होता, त्याने संध्याकाळी करा म्हटलं. तिसरा नंबर कृष्णकांतशेठचा होता. इतवारीत त्यांचं केमिकलचं दुकान वडिलांपासून चालत आलेलं.

"हाव, बोला," पलीकडून जाडसर आवाज आला.

भावनाने तेच सांगितलं. शेठ जरा घुटमळले. "घ्यायचं नाई, तर मग भाव घेऊन काय करता बाई?"

काकांनी घाईघाईने कागदावर लिहिलं. भावनाने वाचून सांगितलं, "कारखाना कागदावर आहे. पण उद्या कोणी खरा काढला तर त्याला माझा आकडा खरा लागला पाहिजे."

शेठ हसले. "बरं. विचारा."

तिने एकेक प्रश्न विचारला. शेठ आधी तुटक बोलत होते, पण टक्केवारीचा प्रश्न आला तसे सावरून बोलू लागले. लाय घ्या, फ्लेक्स तुमच्या कामाला महाग पडेल. अठ्ठेचाळीस टक्क्यांची. त्रेचाळीस रुपये किलो, पण शंभर टक्क्यांच्या हिशेबानं. टँकर गुजरातेतून येतो, भाडं वेगळं. भावनाने सगळं लिहून घेतलं आणि आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी तिच्या मनगटाला हात लावला. त्यांनी अजून एक ओळ लिहिली होती. तिला ती विचित्र वाटली, पण तिने वाचली.

"आणि शेठ, आज तुमच्या सख्ख्या भावाला हा माल घ्यायचा असता, तर तुम्ही त्याला आज घे म्हणाला असता की थांब म्हणाला असता?"

 पलीकडे दुकानातलं वजन टेबलावर आपटल्याचा आवाज आला, कोणीतरी हिंदीत काही विचारलं, आणि शेठनी त्याला गप्प केलं.

"पोरी," ते म्हणाले, "तुह्या बाजूले कोण बसून आहे?"

भावनाने काकांकडे पाहिलं. काकांनी जोरजोरात मान हलवली. नाही. नको सांगू. तिच्या मनात कालचे त्यांचेच शब्द आले. खोटं बोलायचं नव्हतं, आणि काकांचं मनही मोडायचं नव्हतं. 

"ते... नको सांगू म्हणून राहिले," ती म्हणाली.

शेठनी लांब श्वास सोडला. "म्हणजे प्रेमानंद आहे. हा प्रश्न अख्ख्या नागपुरात एकच माणूस विचारते. फोन दे त्याले."

भावनाने फोन पुढे केला. काकांनी तो घेतला नाही. सिंधूताई स्वयंपाकघरातून आल्या होत्या; त्यांनी काही न बोलता तो उचलला आणि काकांच्या कानाजवळ धरला.

"प्रेमानंदा," कृष्णकांतशेठ म्हणत होते, "काहून गा असं केलं? नंबर बंद. कारखान्यात विचारलं तर म्हणे घशाचं काही झालं. मी दोनदा हिंगण्याले जाऊन आलो, घर कोणाले माहीत नाही. मले वाटलं..." ते थांबले. "बरं ते जाऊ दे. बोल काही."

काका बोलले. स्पीकरमधून पलीकडे काय गेलं असेल कोण जाणे. खोलीत फक्त वारा सुटल्यासारखं ऐकू आलं. भावनाने डोळे मिटून घेतले. आता 'हॅलो, हॅलो' येणार, असं तिला वाटलं.

 शेठनी फोन ठेवला नाही, ते नुसते थांबले. काकांचा श्वास पुरला नाही, पुन्हा घेतला, पुन्हा बोलले. शेठ तरी थांबले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मले समजलं नाई सगळं. पण तू बोलला हे समजलं. रविवारी येतो मी. पत्ता या पोरीच्या हातून धाड. आणि हो, भावाले मी आठ दिवस थांब म्हणीन. मालाचा भाव उतरून राहिला आहे."

फोन बंद झाल्यावर काका उठून मोरीकडे गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

रविवारी शेठ आले. साठीचा, जाड भिंगाच्या चष्म्याचा माणूस, गल्ली चालून दम लागलेला. दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि तसेच उभे राहिले. प्रेमानंद घसा ताणून बोलायला लागले, तशी गळ्याची शीर तटतटली. शेठनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मोठ्यानं नको बोलू. मी जवळ येतो ना."

आणि त्यांनी आपली खुर्ची इतकी जवळ ओढली की गुडघ्याला गुडघे लागले. दोन तास ते तसेच बसले. भावनाला नंतर बोलावलं तेव्हा शेठनी आपल्या दुकानाच्या कागदावर भाव लिहून आणला होता: तारीख, टक्केवारी, किती टन, पोच कुठे, कर वेगळा, आणि खाली 'केवळ अभ्यासासाठी' लिहून सही. बाकी दोन व्यापाऱ्यांचेही कागद त्यांनीच मिळवले होते. तिन्ही भाव थोडे वेगळे होते.

"यातला खरा कोणता?" भावनाने विचारलं.

काका हसले आणि तिला जवळ बोलावलं. "तिन्ही खरे. एकच भाव असता तर... भरवसा नव्हता."

लाय विकत घ्यायची म्हणजे काय, हे त्या दिवशी तिला नीट कळलं. भाव फक्त सोड्याचा लागतो, पण टँकरमध्ये निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि गाडीचं भाडं त्या पाण्याचंही द्यावं लागतं. मग काकांनी विचारलं की तिच्या पावडरीचा रंग कसा येईल. तिने विचारच केला नव्हता. राखेपासून बनलेली, म्हणजे करडी असणार.

"आमच्या कारखान्यात जिओलाइट मीच घेत होतो," काकांनी लिहिलं. "करडा माल दारातून परत जायचा. गिऱ्हाइकाला पावडर पांढरी लागते."

म्हणजे पावडर सांडपाणी शुद्ध करणाऱ्यांना विकायला हवी, आणि ते कमी पैसे देणार. भावनाने घरी जाऊन सगळे आकडे पुन्हा घातले. चार दिवसांनी ती आकड्यांची वही घेऊन आली.

"काका, खरे भाव घातले तर कारखाना तोट्यात जाते. पंचवीसच ठेवू का? मॅडमनाही फायदा दाखवलेला बरा वाटेल."

काकांनी कागद मागितला. लिहायला त्यांना वेळ लागला नाही. 'तोटा कागदावर झाला. चांगलं झालं. कागद फाडता येते. उभा कारखाना नाही फाडता येत.'

तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग त्याच कागदाच्या कोपऱ्यात आकडे मांडायला लागली. राख शिजवून झाल्यावर जो सोडा पाण्यात उरतो, तो ती आतापर्यंत फेकून देत होती, कारण पंचवीस रुपयांच्या भावात त्याची किंमतच नव्हती. त्रेचाळीसच्या भावात ते पाणी सोन्यासारखं होतं. ते परत फिरवलं तर विकतचा सोडा बराच कमी लागणार होता. त्यासाठी एक टाकी, एक पंप आणि गाळणी वाढवावी लागली. आठवडाभर ती त्यात बुडाली. शेवटी कारखाना ना धड फायद्यात, ना तोट्यात, असा काठावर येऊन उभा राहिला. चिन्मयी मॅडमनी रिपोर्ट चाळून पहिल्यांदाच म्हटलं, "आता हा नागपूरचा कारखाना वाटतोय."

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भावांच्या तक्त्यावर बोट ठेवलं. इंटरनेटवर याहून स्वस्त दिसतो, मग हा का, असं त्यांनी विचारलं. भावनाने तीन कागद पुढे ठेवले आणि कोणी, कधी, कुठपर्यंतचा भाव दिला ते सांगितलं. खाली तिने आणखी एक तारीख घातली होती. जानेवारीतल्या त्या फोननंतर दहा दिवसांनी तोच माल एक्केचाळीसवर आला होता.

"आणि हे काय आहे, 'व्यापाऱ्याचं मत: थांबा'?" परीक्षकांनी विचारलं.

तिने सख्ख्या भावाचा प्रश्न सांगितला. परीक्षकांनी चष्मा काढला, तिच्याकडून तो प्रश्न पुन्हा एकदा म्हणवून घेतला आणि आपल्या डायरीत लिहिला.

ती संध्याकाळी थेट काकांकडे आली. सिंधूताई एकट्याच होत्या. काका शेठच्या दुकानात गेले होते. मार्चपासून मंगळवारी आणि शुक्रवारी ते तिथे बसायला लागले होते. दुकानाच्या मागे मालाची खोली होती, तिथे रस्त्याचा गोंगाट पोचत नसे. फोनवर शेठ बोलत, काका शेजारी बसून ऐकत आणि मधेच शेठच्या कानाशी लागत. मग शेठ पलीकडच्याला म्हणत, "थांबा जरा, आमचे ढोकेसाहेब एक विचारून राहिले." डॉक्टरांनी सांगितलेले आवाजाचे व्यायाम, जे अडीच वर्षं त्यांनी एकदाही केले नव्हते, ते आता सकाळी विहारात जाण्याआधी करत. आवाज काही परत आला नाही. पण फुसफुशीला थोडी धार आली होती.

सातच्या सुमारास काका आले. भावनाने पाया पडायला वाकताच त्यांनी तिला खांद्याला धरून उभं केलं. किती मार्क, असं हातानेच विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि खाली बसले, दमून.

सिंधूताईंनी कोमट पाण्याचा पेला आणून दिला. त्यांच्या गळ्याकडे, फुगलेल्या शिरांकडे त्यांनी पाहिलं.

"आज लय बोलले वाटते तुम्ही," त्या म्हणाल्या.

काकांनी पाणी संपवलं. पेला खाली ठेवला आणि सिंधूताईंना जवळ बसायची खूण केली. त्या बसल्या. भावनाने उठून पंखा बंद केला आणि दार लोटून घेत ती आपल्या घरी गेली.